लपायचं कोणापासून?

शिकारी कापडावरच्या पानाफांद्या आणि त्या पाहणारे डोळे

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो. अलीकडच्या वर्षांत साडेपाच लाखांच्या घरात लोक त्यासाठी परवाना काढतात. त्या दिवसांत रानात शिरणाऱ्याचा वेश मोठा विचित्र असतो. विजारीवर ओकची वाळकी पानं, काटक्या, सालीच्या भेगा इतक्या हुबेहूब छापलेल्या, की पाचोळ्यात उभं राहिल्यावर पाय कुठे संपतात आणि जमीन कुठे सुरू होते ते सांगता येऊ नये. कमरेच्या वर मात्र झगझगीत नारिंगी जाकीट आणि तसलीच टोपी. कायदाच तसा आहे. कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निदान निम्मा भाग फ्लुरोसंट नारिंगी असावा लागतो. २०१६ पासून फ्लुरोसंट गुलाबीही चालतो.

नियमाचं कारण उघड आहे. झुडपात काहीतरी हललं, ते हरीण समजलं आणि गोळी माणसाला लागली, असं होऊ नये. विस्कॉन्सिनने १९४५ मध्ये आधी लाल कपडे सक्तीचे केले होते. पण संधिप्रकाशात लाल रंग काळपट पडतो, शिवाय युरोपीय वंशाच्या साधारण बारा पुरुषांमागे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. म्हणून १९८० मध्ये फ्लुरोसंट नारिंगी आला. नोव्हेंबरच्या रानात या रंगाचं दुसरं काहीच नसतं, त्यामुळे तो दुरूनही चुकत नाही.

आता पंचाईत अशी, की माणसाला इतक्या दुरून दिसणारा रंग हरणाला दिसत असेल, तर त्या नऊ दिवसांत लाखाहून जास्त हरणं मारली जातात कशी? आणि दिसत नसेल, तर विजारीवरची ती पानं कोणासाठी छापली आहेत?

या दोन प्रश्नांचा माग काढत गेलं, की शिकारी कॅमोफ्लाजच्या धंद्याची शिवण उसवत जाते. दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो, कुठे जाणार? जंगलात, दलदलीत, डोंगरात की बर्फात? आणि त्याप्रमाणे कापड काढून दाखवतो. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर दुसरा आहे. पाहणारा डोळा कोणाचा आहे, तो किती लांब आहे आणि वर आहे की खाली, हे त्याआधी ठरायला हवं.

टेकडीनुसार कापड

परिसर पाहून शिकारीचं कापड ठरवायची पद्धत छपाईच्या यंत्रांपेक्षा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात श्रीमंतांनी मोठमोठ्या जमिनी हरणांच्या शिकारीसाठी घेतल्या. तिथे राबणाऱ्या रखवालदारांना आणि वाटाड्यांना कपडे लागायचे. मग एकेका जहागिरीने आपापलं ट्वीड विणून घ्यायला सुरुवात केली. ज्या टेकडीवर हीदरची जांभळट झुडपं जास्त, तिथलं कापड जांभळट-तपकिरी; जिथे उघडा खडक, तिथलं करडं. व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स आल्बर्ट याने १८५३ च्या सुमारास बालमोरलसाठी ट्वीड तयार करवलं, ते अॅबर्डीनशरच्या ग्रॅनाइटसारखं दिसावं म्हणून. हातात घेऊन पाहिलं तर त्यात गडद निळे आणि पांढरे धागे दिसतात, मधूनमधून लाल ठिपकाही दिसतो. चार पावलं मागे सरकलं की सगळं मिसळून दगडाचा करडा उरतो. अंतर वाढलं की नक्षीचा अर्थ बदलतो, हे त्या विणकरांना पक्कं ठाऊक होतं. पुढे दीडशे वर्षांनी कोट्यवधी डॉलर खर्चणाऱ्यांना ते नव्याने शिकावं लागलं.

याच रखवालदारांना गिली म्हणत. गवत, चिंध्या, सुतळ्या लावलेल्या त्यांच्या अंगरख्याचं नाव आज जगभरच्या नेमबाज सैनिकांच्या तोंडी आहे. १९०० मध्ये बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हॅटने अशाच डोंगरी शिकाऱ्यांची पलटण उभी केली आणि त्यांची दबा धरण्याची विद्या ब्रिटिश लष्करात शिरली. त्याआधी अर्धं शतक हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर हॅरी लम्सडेनने आपल्या गाइड्स पलटणीला लाल डगल्यांऐवजी धुळीच्या रंगाचे कपडे घातले होते. तोच खाकी पुढे आपल्याकडच्या पोलिसापासून फॉरेस्ट गार्डपर्यंत सगळ्यांच्या अंगावर आला.

लष्कराकडून शिकाऱ्यांकडे उलटा प्रवासही झाला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांसाठी १९४२ मध्ये ठिपक्या-डागांचं कापड निघालं. बेडकाच्या कातडीसारखं दिसतं म्हणून त्याला फ्रॉगस्किन म्हणू लागले. ते रेखाटणारा नॉर्व्हेल गिलेस्पी हा बागकामावर लिहिणारा माणूस होता. या कापडाला दोन बाजू होत्या, एक जंगलासाठी हिरवी आणि दुसरी समुद्रकिनाऱ्यासाठी तपकिरी. सदरा उलटा घातला की परिसर बदलला. लढाई संपल्यावर उरलेला माल स्वस्तात बाजारात आला आणि बदकांच्या शिकाऱ्यांनी तो उचलला. तपकिरी बाजू वाळक्या लव्हाळ्यांत फार छान मिसळायची. आजही अमेरिकेत त्या नक्षीला ‘डक हंटर’ म्हणतात. पुढची तीसेक वर्षं अमेरिकी शिकारी लष्कराने टाकलेलंच कापड वापरत राहिला.

सालीची रेघ आणि मूठभर माती

ते बदललं धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांमुळे. बंदूकवाल्याला शंभर-दोनशे मीटरवरून काम भागवता येतं. तिरंदाजाला सावज वीस-तीस मीटरवर येईपर्यंत झाडाला चिकटून बसावं लागतं, आणि तेवढ्या जवळून लष्करी कापडावरचे हिरवे-काळे ढगळ डाग झाडासारखे दिसत नाहीत. व्हर्जिनियातल्या जिम क्रमली या तिरंदाजाने साधे तपकिरी कामाचे कपडे घेतले, त्यांवर रंगाचे पुसट डाग दिले आणि मार्कर पेनाने सालीसारख्या उभ्या रेघा ओढल्या. १९८० मध्ये त्याने ही नक्षी ‘ट्रीबार्क’ या नावाने विकायला काढली. शिकाऱ्यासाठी म्हणून आखलेल्या आणि बाजारात चाललेल्या आधुनिक नक्ष्यांची सुरुवात तिच्यापासून धरतात.

सहा वर्षांनी, १९८६ मध्ये, दोन माणसं जवळजवळ एकाच वेळी याच वाटेने निघाली. जॉर्जियातल्या कोलंबस गावात बिल जॉर्डनने आईवडिलांच्या घरापुढच्या ओकसमोर बसून त्याची साल कागदावर उतरवली. त्यातून ‘रिअलट्री’ उभी राहिली. मिसिसिपीतल्या वेस्ट पॉइंटचा टॉक्सी हास आपल्या शिकारीच्या जागेतली माती, पानं, काटक्या पिशवीत भरून कापड छापणाऱ्यांकडे गेला आणि मला हे कापडावर हवं, म्हणाला. त्यातून ‘मॉसी ओक’ आणि तिची पहिली नक्षी ‘बॉटमलँड’ आली.

या दोन्ही कंपन्यांचा मुख्य धंदा कपडे शिवण्याचा नाही. त्या नक्षीचा परवाना विकतात. जाकीट दुसऱ्याचं, बूट तिसऱ्याचा, बंदुकीचा दस्ता चौथ्याचा आणि प्रत्येक वस्तूमागे कंपनीला मानधन. त्यामुळे ही पानं कापडावरून उडून पिकअप ट्रकवर, सोफ्यावर, मोबाइलच्या कव्हरवर आणि नवरीच्या पोशाखावरही जाऊन बसली. ग्रामीण अमेरिकेत या छपाईने ‘मी इथला, मातीतला’ हे सांगायचं काम हाती घेतलं. असं कापड लोक चारचौघांत दिसण्यासाठी घालतात, आणि नक्षी कशी वाढत गेली हे समजायला ती गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. छायाचित्रावरून छपाई करणं सोपं झाल्यावर पानाच्या शिरा, सावल्या, शेवाळ सगळं कापडावर आलं. नवी नक्षी जुनीपेक्षा जास्त खरी दिसणं हाच जाहिरातीचा मुद्दा झाला.

रान तसं कापड

दुकानात मांडलेल्या या नक्ष्यांची तुलना त्यांच्या त्यांच्या रानात नेऊन केली, तर प्रत्येकीमागे काही हिशेब दिसतो.

आर्कान्सामध्ये स्टटगार्ट गावाच्या आसपास हिवाळ्यात ओकच्या रानात पाणी भरतं. शिकारी मांडीभर पाण्यात खोडाला पाठ लावून उभे राहतात, पायाने पाणी ढवळून तरंग उठवतात आणि वरून जाणाऱ्या मॅलार्ड बदकांना वाटतं, खाली आपले भाईबंद पोहताहेत. इथे ओल्या सालीचा काळपट तपकिरी रंग लागतो. ‘बॉटमलँड’ इथली आहे. तिच्यात पान म्हणून ओळखू येईल असं काही नाही, नुसते मातकट, गडद, उभे-आडवे पट्टे. जन्माला चाळीस वर्षं होत आली तरी ती परत परत लोकप्रिय होते, आणि त्यामागे आठवणींची ओढ असली तरी गडद आणि फिक्या रंगाचे मोठे तुकडे हे तिचं खरं बळ आहे.

तीच बदकं मोकळ्या दलदलीत टिपायची असतील तर बॉटमलँडवाला माणूस जळक्या ओंडक्यासारखा उठून दिसेल. तिथे पाणकणीस, बोरू, कापणीनंतरची मक्याची धाटं असा सगळा फिका, पिवळट, उभ्या रेघांचा पसारा असतो. मॉसी ओकची ‘शॅडो ग्रास’ आणि रिअलट्रीची ‘मॅक्स’ या नावाची मालिका त्यासाठी आहे. बर्फाळ शेतात उतरणाऱ्या हंसांसाठी शिकारी सरळ पांढरा अंगरखा घालून आडवे पडतात.

वसंतात टर्कीची शिकार असते. तेव्हा रानाला कोवळी पालवी असते, म्हणून कापडात हिरवा वाढतो. ‘ऑब्सेशन’ ही नक्षी त्या दिवसांची. शरदातली वाळक्या पानांची नक्षी एप्रिलमध्ये जुनी दिसते. टेक्सासच्या काटेरी झुडपांसाठी आणि पश्चिमेच्या सेजब्रशच्या माळांसाठी करडे-पिवळट रंग लागतात. रॉकी पर्वतात झाडांची रेषा संपल्यावर वर नुसता खडक आणि खुरटं गवत उरतं. तिथे एल्क आणि डोंगरी मेंढे दोनशे-तीनशे मीटरवरून पाहणार, त्यामुळे पानाच्या शिरांचा काही उपयोग नाही.

या शेवटच्या गोष्टीत हुबेहूब छपाईचं दुखणं आहे. दहा मीटरवर अप्रतिम दिसणारं पान शंभर मीटरवर डोळ्याला वेगळं कळतच नाही. सगळी पानं, काटक्या, सावल्या एकमेकांत विरघळतात आणि माणसाच्या आकाराचा एक गडद गोळा उरतो. बारकावा जितका जास्त आणि रंग एकमेकांच्या जितके जवळचे, तितका हा गोळा घट्ट. बालमोरलच्या ट्वीडमध्ये मिसळून खडक उरत होता. इथे मिसळून माणूस उरतो.

कागदी पतंगांचा प्रयोग

आकार फोडणं हे रंग जुळवण्यापेक्षा मोठं काम आहे, हे अमेरिकी चित्रकार अॅबट थेयर १९०९ मध्ये आपल्या पुस्तकातून सांगत होता. त्याने अतिशयोक्ती इतकी केली, की सूर्यास्तात मिसळण्यासाठी फ्लेमिंगो गुलाबी असतात, असंही लिहिलं. शिकारीत आयुष्य घालवलेल्या थिओडोर रूझवेल्टने त्याची जाहीर हजेरी घेतली. पण मूळ मुद्दा टिकला. १९४० मध्ये ह्यू कॉट या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने तो नीट मांडला: कडेला जाऊन भिडणारे परस्परविरोधी डाग असले, की पाहणाऱ्याला बाह्यरेषा सापडत नाही.

त्याची पक्की परीक्षा २००५ मध्ये झाली. ब्रिस्टल विद्यापीठाच्या इनिस कटहिल आणि सहकाऱ्यांनी कागदाचे त्रिकोणी ‘पतंग’ केले, त्यांवर ओकच्या सालीच्या रंगांचे डाग छापले, खाली खाऊ म्हणून अळी टाचली आणि ते रानातल्या ओकच्या खोडांवर लावले. काहींवर डाग कडेला भिडलेले होते, काहींवर तेच डाग आतल्या आत ठेवलेले. रंग सगळ्यांचे सालीशी जुळणारे. तरीही कडेला भिडलेल्या डागांचे पतंग पक्ष्यांच्या चोचीतून जास्त वाचले. जॉर्डनच्या ओकपासून बरंच लांब, पण ओकच्याच सालीवर, हा निकाल लागला: सालीचं चित्र काढणं एक, आणि सालीवर दिसेनासं होणं दुसरं.

हीच गोष्ट अमेरिकी लष्करातला अधिकारी टिमोथी ओनील १९७० च्या दशकात सांगत होता. त्याने लष्करी गाड्यांवर चौकोनी ठिपक्यांची नक्षी काढून दाखवली. जवळून बारीक चौकोन पानापाचोळ्याचा पोत देतात, आणि लांबून तेच चौकोन मोठमोठ्या डागांत गोळा होऊन गाडीचा आकार मोडतात. एका कापडावर दोन अंतरांसाठी दोन नक्ष्या, असा तो विचार. पुढे गोअर-टेक्स बनवणाऱ्या गोअर कंपनीने शिकारीसाठी ‘ऑप्टिफेड’ काढलं, तेव्हा निवृत्त ओनील, कॅनडाचा नक्षीकार गाय क्रेमर आणि प्राण्यांच्या दृष्टीचा अभ्यासक जे नाइट्झ यांना एकत्र बसवलं. या कापडावर एकही पान नाही. डोंगरासाठी ‘ओपन कंट्री’ घेतली तर तीत मोठे फिके-गडद तुकडे आहेत, लांबून पाहणाऱ्यासाठी. झाडावरच्या मचाणावर बसणाऱ्यासाठी वेगळी नक्षी आहे, कारण त्याला हरीण खालून पाहतं आणि त्याच्यामागे आभाळ आणि फांद्या असतात. माणूस कुठे बसला आहे यापेक्षा तो कुठून पाहिला जाणार आहे, हे धरून केलेली ही वाटणी आहे.

सगळीकडे एकच नक्षी चालवायचा हट्ट किती महाग पडतो, हे अमेरिकी सैन्याने दाखवून दिलं. २००४ मध्ये त्यांनी वाळवंट, जंगल, शहर सगळ्यांसाठी एकच करडी-हिरवट चौकोनी नक्षी आणली. तीत काळा नव्हता आणि रंग एकमेकांच्या फार जवळचे होते. थोड्या अंतरावर सैनिक एक फिका करडा ठोकळा व्हायचा. २०१० मध्ये अफगाणिस्तानातल्या तुकड्यांना दुसरी नक्षी द्यावी लागली, २०१५ पासून सगळ्या सैन्याचा गणवेश बदलायला घेतला आणि २०१९ मध्ये ती नक्षी पुरती निवृत्त झाली.

दोन शंकूंचं जग

आता हरणाच्या डोळ्याकडे जाऊ. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्जिया विद्यापीठातले वन्यजीव अभ्यासक आणि कॅलिफोर्नियातला जेराल्ड जेकब्ज, तसंच वर आलेला जे नाइट्झ, यांनी गुंगी दिलेल्या हरणांच्या डोळ्यांत वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश सोडून डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उठणारे विजेचे संकेत मोजले. निकाल १९९४ मध्ये छापून आला. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. हरणाच्या डोळ्यात दोनच सापडल्या. एक निळ्याला प्रतिसाद देणारी, साधारण साडेचारशे नॅनोमीटरच्या आसपास. दुसरी हिरव्याला, ५३७ नॅनोमीटरच्या आसपास. लांब लहरींची तिसरी पेशी, जिच्यामुळे आपल्याला नारिंगी आणि लाल हिरव्यापासून वेगळे दिसतात, तिथे नाही. पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकी हरणाबरोबर युरोपातलं फॅलो हरीणही तपासलं होतं. चितळासारखे ठिपके मिरवणाऱ्या या हरणातही तेच आढळलं.

म्हणजे विस्कॉन्सिनच्या जाकिटाचा नारिंगी हरणाच्या लेखी पाचोळ्याच्याच कुळातला, मळकट पिवळसर काहीतरी. तो घातलेला माणूस गुपचूप बसला असेल तर त्या रंगाने काही बिघडत नाही. उलट निळ्यात हरीण माणसाच्या पुढे आहे. आपल्या डोळ्याचं भिंग अतिनील किरण बरेचसे अडवतं, हरणाचं तितकं अडवत नाही. धुण्याच्या पावडरीत पांढरं अधिक पांढरं दिसावं म्हणून घातलेली द्रव्यं अतिनील शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. ओकच्या पानांचं महागडं जाकीट अशा पावडरीत धुतलं, की संध्याकाळच्या उजेडात ते हरणाला उजळलेलं दिसू शकतं. जुनी निळी जीन्स नारिंगी जाकिटापेक्षा वाईट, हा त्यातला व्यवहारी धडा.

त्यात हरणाला बारकावा आपल्याइतका दिसत नाही. पानाच्या शिरा, सालीवरचं शेवाळ यांतलं त्याच्यापर्यंत फार थोडं पोचतं. त्याची ताकद वेगळीकडे आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, बाहुली आडवी, सुमारे ३०० अंशांचा घेरा एका नजरेत, अंधुक उजेडात उत्तम दृष्टी आणि हालचालीला क्षणात प्रतिसाद. डोळ्याच्या आधी नाक आणि कान आहेतच. वारा पाठीवर असेल तर अंगावर अख्खं ओकचं झाड गुंडाळून घेतलं तरी हरीण फुर्र करून पाय आपटतं आणि जातं.

पाखरांचा हिशेब याच्या पार उलटा. टर्की आणि बदक यांच्या डोळ्यात शंकुपेशी चार प्रकारच्या, त्यांतली एक जांभळ्याच्या पलीकडे झुकलेली. त्यांना नारिंगी दिसतो, लाल दिसतो, आपल्याला न जाणवणाऱ्या छटाही दिसतात. बदक वरून येताना खाली उचललेला गोरा चेहरा चटकन ओळखतं, म्हणून मुरलेले बदकशिकारी तोंड रंगवतात आणि आभाळाकडे न पाहता पाण्यातलं प्रतिबिंब पाहतात. टर्कीच्या हंगामात बहुतेक राज्यं नारिंगीची सक्ती करत नाहीत, पण एक सूचना हमखास असते: लाल, पांढरं आणि निळं काही अंगावर ठेवू नका, रुमालही नको. नर टर्कीचं डोकं याच तीन रंगांचं असतं आणि झुडपामागचा दुसरा शिकारी तेच शोधत असतो. पाखरापासून लपण्याची सगळी तयारी झाल्यावर माणसाच्या डोळ्यांत दिसायचं कसं, हा प्रश्न तिथे उरतोच.

रंगांची जुळवाजुळव पाखरांसाठी खरी कामाची, हरणासाठी थोडीच. पण अमेरिकेत मोठा बाजार हरणाच्या शिकारीचा आहे. कॅटलॉगमध्ये पानांत हरवलेला शिकारी दाखवतात, तो फोटो ज्या कॅमेऱ्याने काढला तो माणसाच्या तीन शंकूंसाठी बनवलेला असतो, आणि पाहणारं गिऱ्हाईकही तीन शंकूंचंच असतं. विजारीवरची पानं कोणासाठी, याचं उत्तर इथे मिळतं: पैसे देणाऱ्यासाठी. ऑप्टिफेडसारख्या नक्ष्यांनी हरणाचा डोळा विचारात घेतला खरा, पण त्यांचेही तपकिरी आणि हिरवे ठरवताना दुकानातल्या आरशाला डावलता आलेलं नाही.

गायीआडून

दिसेनासं होण्याचा तिसरा मार्ग या कापडबाजारात फारसा आला नाही: आपण दिसायचं, पण भीती न वाटणारं काहीतरी म्हणून. १८३० च्या दशकात चित्रकार जॉर्ज कॅटलिन अमेरिकेच्या गवताळ मैदानांत हिंडला. त्याच्या एका प्रसिद्ध चित्रात दोन मूलनिवासी शिकारी अंगावर पांढऱ्या लांडग्याचं कातडं पांघरून रांगत बायसनच्या कळपाकडे चालले आहेत. धडधाकट बायसन लांडग्याला भिऊन पळत नाही. माणूस लपलेला नव्हता, तो वेगळाच कोणी झाला होता.

हीच विद्या आपल्याकडे पारध्यांकडे होती. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींची नोंद केली, तेव्हा नागपूर त्या प्रांताची राजधानी होती. पारध्यांच्या पोटशाखा सांगताना त्यांनी फासे लावणारे फासेपारधी, चित्ता पाळणारे चितेवाले यांच्याबरोबर गायके यांचाही उल्लेख केला आहे, बैलाच्या आडून सावजापर्यंत जाणारे. माळावर चरत चरत येणारं जनावर काळविटाला रोजचंच. त्याच्या पलीकडच्या बाजूने माणसाचे दोन पाय चालले आहेत, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. इथे रंग, पोत, शंकुपेशी कशाचाच प्रश्न येत नाही. सावजाला काय पाहायची सवय आहे, तेवढं ओळखायचं. आज अमेरिकेत हंस आणि टर्कीच्या शिकाऱ्यांना कापडावर गायीचं चित्र छापलेले आडोसे विकत मिळतात.

गायक्यांच्या वंशजांना मात्र या ज्ञानाचं मोल मिळालं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या समाजांवर शिक्का मारण्याची वाट उघडली, तो स्वातंत्र्यानंतर पुसला तरी संशय राहिला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांनी देशातली शिकार थांबवली, ते योग्यच झालं. पण शिकारीची हौस असलेल्या संस्थानिकाला दुसरे उद्योग होते, पारध्याला नव्हते.

ताडोबा आणि भिगवण

आता महाराष्ट्रात कॅमोफ्लाज कापड घेतो तो बहुतेक वेळा कॅमेरावाला. चंद्रपूरकडे जाणाऱ्या गाड्यांत पानापानांची जाकिटं, टोप्या, लेन्सवरची झालर दिसते. त्यांना शिकवायला ताडोबातच एक गुरू आहे.

वाघ नारिंगी का, हा लहान मुलाने विचारावा असा प्रश्न आहे. हिरव्या रानात दबा धरणाऱ्या जनावराने असा भडक रंग का घ्यावा? सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवा रंग बनत नाही. मेलॅनिनच्या दोन प्रकारांतून काळा-तपकिरी आणि पिवळा-तांबूस एवढंच निघतं. पण चितळ-सांबरांना दोनच शंकू असतील तर तांबूस आणि हिरवा यांत फरक उरत नाही. २०१९ मध्ये ब्रिस्टलच्याच संशोधकांनी हा हिशेब संगणकावर मांडून दाखवला: दोन रंगांच्या नजरेला वाघाचा नारिंगी आसपासच्या हिरव्यात मिसळतो. वर काळे पट्टे, तेही कडेपर्यंत भिडलेले, कटहिलच्या पतंगांसारखे. विस्कॉन्सिनच्या शिकाऱ्याला सरकारने सक्तीने दिलेला रंग वाघ फार पूर्वीपासून वापरतो आहे, आणि दोघांचं गणित सावजाच्या एकाच उणिवेवर उभं आहे.

म्हणून ताडोबात केशरी ओढणी घेतलेल्या बाईंवर डोळे वटारणाऱ्याने आधी स्वतःची निळी जीन्स आणि पांढराशुभ्र शर्ट पाहावा. तसंही जिप्सीच्या इंजिनाचा आवाज, पेट्रोलचा वास आणि सहा जणांची कुजबुज यांनंतर कापडावरच्या पानांना करण्यासारखं फारसं काम उरत नाही. तिथल्या चितळांनी गाडीला माळावरच्या गुराच्या जागी बसवलं आहे. गाडी चालते, गाडीतून उतरलेला माणूस चालत नाही.

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर नियम बदलतात. तिथे पाहणारं पाखरू आहे, चार शंकूंचं. रोहित, पट्टकादंब, बदकं यांना केशरी टोपी लांबून कळते. तिथे मळकट, पाण्याकाठच्या चिखलाचा रंग चांगला, आणि त्याहून चांगली मच्छीमाराची होडी, जी त्यांना रोजची आहे. होडीतून हळू, तिरकं, थांबत थांबत जवळ जाणारा नावाडी गायक्यांचंच काम करतो.

पाच हजारांचं जाकीट घेण्याआधी एवढा क्रम लक्षात ठेवला तर पुरे. आधी वारा पाहावा, मग हालचाल कमी करावी. मग चेहरा आणि हात झाकावेत, कारण उघडी कातडी आणि हलणारा हात हीच दोन ठिकाणं सगळ्या डोळ्यांना आधी दिसतात. मग पाठीमागे झाड, खडक किंवा बांध घ्यावा, म्हणजे आकार आभाळावर उमटत नाही. हरणांकडे जायचं असेल तर निळं आणि चकाकणारं पांढरं टाळावं, पाखरांकडे जायचं असेल तर कोणताही भडक रंग. एवढं केल्यावर कापडावर ओकची पानं असावीत की सागाची, की नुसता खाकी, हा प्रश्न स्वतःच्या आवडीवर आणि खिशावर सोडून द्यायला हरकत नाही. त्यात हरणाचं मत विचारात घ्यायची गरज नाही.